टेबल कुठलं ते नंतर, आधी पावसात ठेवणार कुठे ते सांगा

मागच्या अंकात टेबल टेनिसच्या बॅट आणि रबरांबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी टेबलाबद्दल. बरोबरच आहे म्हणा, बॅट चुकली तर दोन-तीन हजार गेले, टेबल चुकलं तर ते पुढची दहा वर्षं हॉलमध्ये उभं राहून तुमच्याकडे बघत बसतं. २०२३ आणि २०२४ ला आपल्या गोव्यात डब्ल्यूटीटीच्या (वर्ल्ड टेबल टेनिस) मोठ्या स्पर्धा झाल्या तेव्हापासून घरोघरी टीटीचं खूळ वाढलंय हे मला दिसतंय, आणि चांगलंच आहे ते. निवडक पत्रं घेतो, नावं गाळून.

प्रश्न : सर, मुलगा ११ वर्षांचा आहे, आठवड्यातून तीन दिवस कोचिंगला जातो, घरी पण प्रॅक्टिस हवी म्हणतो. आमचा हॉल १८ फूट बाय ११ फूट. बजेट चाळीस हजारांच्या आत. दुकानदार म्हणतो २५ एमएम जाडीच्या फळीचंच घ्या, बाकी सगळी खेळणी आहेत. काय करू? (एक आई, पर्वरी)

ताई, दुकानदाराला बाजूला ठेवा आणि आधी मेजरिंग टेप घ्या. टेबल ९ फूट लांब, ५ फूट रुंद, अडीच फूट उंच, मीटरमध्ये २.७४ बाय १.५२५ आणि उंची ७६ सेंटीमीटर, हे माप जगभर एकच. तुमच्या १८ फुटांतून ९ गेले की दोन्ही टोकांना साडेचार साडेचार फूट उरतात, आणि बाजूंना तीन तीन फूट, ते सुद्धा सोफा आणि टीव्हीचं कपाट बाहेर काढलं तर. मोठ्या स्पर्धेत एका टेबलाला १४ मीटर बाय ७ मीटर जागा देतात, वर छत ५ मीटर मोकळं. तेवढं कुणाच्याच घरात नसतं, पण २० बाय १२ असली तर घरचा खेळ बऱ्यापैकी होतो असा माझा अनुभव. तुमच्याकडे त्याहून थोडी कमी आहे म्हणजे सर्व्हिस, ब्लॉक, पुश, टेबलाजवळचा काउंटर एवढं सगळं होईल, पण मागे सरकून मारायचे टॉपस्पिन होणार नाहीत, ते कोचिंगलाच. हे मुलाला आत्ताच सांगा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कोपर भिंतीवर आपटणार.

आता जाडी. २५ एमएमचा बाऊन्स चांगला असतो हे खरंच, क्लबमध्ये तेच असतं आणि उद्या स्पर्धेतही त्याला तेच मिळणार. पण त्या जाडीचं टेबल शंभर किलोच्या वर सहज जातं आणि तुम्हाला ते रोज संध्याकाळी उघडून रात्री मिटायचंय. शिवाय चाळीस हजारात २५ एमएम मिळालंच तर पैसा कुठेतरी वाचवलेला असतो, बहुतेक वेळा खालच्या फ्रेममध्ये नाहीतर चाकांत. बारीक पत्र्याच्या फ्रेमवर जाड फळी म्हणजे दोन वर्षांनी मध्ये झोळ. मी तुमच्या जागी असतो तर १८ किंवा १९ एमएम घेतलं असतं, पण खालची फ्रेम दणकट, फळीखाली पट्टी चारी बाजूंनी, पायाला फिरवून उंची कमीजास्त करायचे बूट, आणि अर्धा भाग उभा करून एकट्याने खेळता येतं तसलं. तुमच्या मुलासाठी ही शेवटची सोय सगळ्यात कामाची, कारण घरी त्याच्याशी रोज खेळणार कोण?

दुकानात गेल्यावर एक करा. एक चेंडू आणि शाळेची ३० सेंटीमीटरची पट्टी न्या. पट्टी टेबलावर उभी धरायची, वरच्या टोकाकडून चेंडू नुसता सोडायचा, ढकलायचा नाही. नियमाप्रमाणे तो साधारण २३ सेंटीमीटर उसळायला हवा. घरगुती टेबलावर एकदोन सेंटीमीटर कमी आला तरी मी काही बोलणार नाही, पण मध्यभागी २२ आणि कडेला १८ असं असेल तर ते टेबल सोडा, कितीही एमएमचं असू दे. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं की लगेच दिसतं. आणि मिटलेलं टेबल उभं असताना त्याला आपोआप लागणारं लॉक आहे ना ते स्वतः हलवून बघा, घरात लहान मूल असेल तर हे बाऊन्सच्याही आधी. उभं टेबल अंगावर आलं तर काय होईल ते सांगायला नको.

प्रश्न : मागच्या मे महिन्यात मडगावच्या एका दुकानातून टेबल घेतलं, बाल्कांवात (घरापुढच्या उघड्या ओसरीत) ठेवलं, वर छप्पर आहे, पावसाचा थेंब पडत नाही. ऑगस्टमध्ये कडा फुगल्या, गणपतीपर्यंत नेटजवळ फळी उचलली. दुकानदार म्हणतो वॉरंटीत बसत नाही. फसवलं ना आम्हाला? (एक वाचक, केपें)

अर्धं फसवलं, अर्धं तुम्हीच फसलात. वाईट वाटून घेऊ नका, मी पण फसलोय. आमच्या वाड्यावरच्या क्लबात पहिलं टेबल आणलं तेव्हा आम्ही हुशारी करून जून लागताच त्याच्यावर जाड प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधली, चारी बाजूंनी सुतळी, एकदम पार्सल. सप्टेंबरात सोडलं तर आत पांढरी बुरशी आणि वासाने डोकं धरलं. ओल बाहेरून आलीच नव्हती, आतच कोंडून ठेवली होती आम्ही.

काय आहे, घरातल्या टेबलाची फळी म्हणजे बहुतेक वेळा लाकडाचा भुसा किंवा चुरा गोंदात दाबून केलेला बोर्ड असतो. वरून रंग असतो म्हणून पाणी पटकन शिरत नाही, पण कडा आणि खालची बाजू, विशेषतः स्क्रूची भोकं, तिथून हवेतली ओल आत जाते आणि चुरा फुगला की परत बसत नाही. वाळवून, इस्त्री फिरवून, वर वजन ठेवून काहीही होत नाही, लोकांनी सगळं करून बघितलंय. आपल्याकडे जून ते सप्टेंबर नुसती हवाच पाणी असते. त्यामुळे छप्पर असलं तरी बाल्कांव, पडवी, पत्र्याची शेड, टेरेसवरची गच्ची, ज्याला चार भिंती आणि बंद होणाऱ्या खिडक्या नाहीत ते सगळं टेबलाच्या हिशेबात बाहेरच. हे दुकानदाराने तुम्हाला विचारायला हवं होतं, नाही विचारलं, ती त्याची चूक. पण वॉरंटीच्या कागदावर इनडोअर हा शब्द असणार, बघा, आणि तो असेल तर भांडून उपयोग कमी.

आता जे आहे त्याचं काय, तर आतल्या खोलीत घ्या, मिटून उभं ठेवा, भिंतीपासून फूटभर लांब, कारण चिऱ्याची जुनी भिंत पावसात स्वतःच घाम गाळते. झाकायचं असेल तर जुनी सुती चादर, प्लास्टिक नको. पंखा लावायची सवय ठेवा. पाऊस सुरू व्हायच्या आधी बिजागऱ्यांना आणि चाकांना मशीन ऑइलचा थेंब. कडा उघड्या पडल्या असतील तर त्या कोरड्या असताना वॉर्निश मारून बंद करा, पुढची फूग थांबेल. फुगलेल्या जागी चेंडू मरणारच, त्याला इलाज नाही, पण पोरं तेवढी जागा लक्षात ठेवून तिथेच सर्व्हिस टाकायला शिकतात, आमची तरी शिकली होती.

प्रश्न : आमच्या युवक मंडळाला एक देणगीदार मिळालाय. देवळाच्या अग्रशाळेसमोर (भाविकांच्या धर्मशाळेसमोर) मोकळी जागा आहे, समुद्र हाकेवर. आउटडोअर टेबल घ्यावं म्हणतो, पण कॅटलॉगमध्ये त्याची जाडी ६ एमएम लिहिलीय! २५ वालं सोडून ६ वालं, आणि किंमत जास्त? गावात सगळे हसतायत. (मंडळाचा खजिनदार, काणकोण)

हसू दे. त्या दोन आकड्यांची तुलनाच करायची नसते. आउटडोअरची फळी लाकडाची नसते, ती असते मेलामाइन रेझिनची, म्हणजे दाबून कडक केलेला थर, पाणी पीत नाही, किंवा मग अॅल्युमिनियमचा सँडविच. ती पातळ असते आणि तिला ताठ ठेवायचं काम खालची लोखंडी फ्रेम करते. म्हणून आउटडोअर बघताना फळीखाली वाका आणि फ्रेम बघा, आडव्या पट्ट्या किती, वेल्डिंग कसं, मध्ये आधार आहे का. स्वस्तातल्यात फक्त कडेला पट्टी असते आणि मध्ये दाबलं की फळी कुई करते, तसलं घेऊ नका.

रेझिन आणि अॅल्युमिनियम यात मी रेझिनकडे झुकतो. बाऊन्स लाकडाच्या जास्त जवळ जातो आणि आवाज पण ठीक, अॅल्युमिनियमचा आवाज मला स्वतःला डबा वाजवल्यासारखा वाटतो, पण ते माझं मत झालं. चकाकणारी फळी मात्र नको, मॅटच हवी, नाहीतर दुपारी चेंडू दिसणारच नाही.

तुमचा खरा शत्रू पाऊस नाहीच, खारी हवा आहे. फळीला काही होणार नाही पण स्क्रू, नटबोल्ट, नेटचे क्लॅम्प, चाकांचे आस हे दोन पावसांत तांबडे होतील. ऑर्डर देताना विचारा की फ्रेमवर झिंकचा थर आहे की नुसता पावडर कोटिंगचा रंग. नुसता रंग असेल तर जिथे टवका उडाला तिथून गंज सुरू. नटबोल्ट स्टेनलेसचे बदलून घेणं हे हार्डवेअरच्या दुकानातलं काम, फार खर्च नाही, पहिल्याच दिवशी करून टाका, गंजल्यावर मग करवतीनेच काढावे लागतात.

आणखी एक पर्याय आहे जो देणगीदाराला बहुतेक जास्त आवडेल कारण त्याच्यावर नाव कोरता येतं. काँक्रीटचं कायमचं टेबल, वर लोखंडी नेट, परदेशातल्या बागांतून सर्रास असतात. चोरीला जात नाही, मोडत नाही, मिटायचं नाही. पण आपल्या मेस्ताकडून, म्हणजे गवंड्याकडून, करून घ्यायचं ठरवलंत तर हिशेब करा, ६ सेंटीमीटर जाडीचा ९ बाय ५ चा स्लॅबच ६०० किलोच्या आसपास जातो, खाली पाया नीट नसेल तर एका पावसात एक पाय खचला की चेंडू सगळे एकाच बाजूला. वरचा भाग घासून एकदम सपाट आणि पाणी बघायची लेव्हल लावून करावा लागतो. आणि जत्रेच्या वेळी ते हलवता येणार नाही, त्या जागेत पालखीचा मार्ग येत नाही ना ते देवस्थान समितीला आधी विचारा, नंतरची भांडणं मी मिटवायला येणार नाही.

टेबल कसंही असो, मांडताना लांबी उत्तर-दक्षिण ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवलं तर संध्याकाळी एका खेळाडूच्या डोळ्यात थेट सूर्य आणि मग नाणेफेक जिंकणाराच गेम जिंकतो. वाऱ्याचं म्हणाल तर चेंडूचं वजन २.७ ग्रॅम, दुपारी समुद्रावरून वारा सुटला की टॉपस्पिन काय आणि लॉब काय, सगळं शेजारच्या माडात. सकाळी खेळा, नाहीतर दिवेलागणीनंतर. बॅटी टेबलावर विसरून जाऊ नका, उन्हात रबर दोन महिन्यांत गुळगुळीत होतं.

प्रश्न : शाळेसाठी दोन टेबलं घ्यायचीत, पुढच्या वर्षी तालुका पातळीच्या मॅचेस आमच्याकडे घ्यायचा विचार आहे. आयटीटीएफ (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघ) अप्रूव्ह्डच हवं का? (क्रीडाशिक्षक, डिचोली)

मॅचेस घेणार असाल तर २५ एमएम आणि आयटीटीएफची मान्यता असलेलं घ्या, वाद नको. आपल्या देशातच मेरठला चांगली मान्यतावाली टेबलं होतात, परदेशी मागवायची गरज नाही. फक्त मान्यता ही कंपनीला नसते, त्या त्या मॉडेलला असते, आणि दुकानदार कंपनीचं नाव सांगून खालचं मॉडेल गळ्यात मारतात, तेव्हा मॉडेलचं नाव घेऊन आयटीटीएफच्या यादीत बघा. दोन्ही एकाच मॉडेलची आणि एकाच वेळी घ्या, नाहीतर ज्या टेबलावर हरला त्या टेबलाची तक्रार प्रत्येक पालक करणार.

पण खरं सांगू का सर, शाळांचं घोडं टेबलावर अडत नाही, उजेडावर अडतं. मोठ्या जागतिक स्पर्धांत टेबलावर १००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड लागतो, इतर स्पर्धांना निदान ६००. आपल्या शाळांच्या हॉलमध्ये दोन ट्यूबलाइट आणि एक उघडी खिडकी. मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप घाला, अंदाज तरी येईल. चेंडू पांढरा असेल तर मागची भिंतही पांढरी ठेवू नका. आणि नेट मोजायची पट्टी घ्या, उंची १५.२५ सेंटीमीटर, बाजूलाही तेवढंच बाहेर. बऱ्याच मॅचेस मी ढिल्या नेटवर झालेल्या बघितल्यात.

प्रश्न : आमचा सुतार म्हणतो मरीन प्लायचं टेबल करून देतो, अर्ध्या पैशात आणि पावसात काहीही होणार नाही. (एक वाचक, वाळपई)

पावसाचं तो खरं बोलतोय, मरीन प्लाय टिकेल. पण त्याला एक प्रश्न विचारा, जोड कुठे देणार? प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची. टेबलाचा अर्धा भाग साडेचार फूट बाय ५ फूट. म्हणजे दोन्ही मापं ४ फुटांच्या वर, शीट कशीही फिरवली तरी अर्धा भाग एका तुकड्यात निघतच नाही. जोड येणारच, आणि जोडावर चेंडू पडला की ठप्प. शिवाय प्लायच्या आत कुठे कुठे पोकळी असते ती वरून दिसत नाही, चेंडूला मात्र बरोबर सापडते. पोरांना सुट्टीत खेळायला, चालेल की, आम्ही शाळेत दोन बाकं जोडून मध्ये विटा ठेवून खेळलोय. पण कुणी शिकत असेल तर नको, हाताला चुकीच्या उसळीची सवय लागते. मोठी शीट मिळते म्हणाला तर मिळवू दे, मग बघू.

प्रश्न : मी व्हीलचेअर वापरते. भाविना पटेलचं टोकियो पॅरालिंपिकचं रौप्य बघितल्यापासून खेळायचं मनात आहे. घरी टेबल घेताना वेगळं काय बघू? (एक वाचक, म्हापसा)

वेगळं एकच, पण तेच मोठं. खालचे पाय. व्हीलचेअरच्या खेळात टेबलाचा आधार शेवटच्या रेषेपासून निदान ४० सेंटीमीटर आत असावा लागतो, नाहीतर गुडघे आणि पायपट्टी आदळतात आणि तुम्ही टेबलाजवळ पोचतच नाही. घरगुती टेबलांत बऱ्याचदा पाय अगदी टोकाला असतात, म्हणून कॅटलॉगवर जाऊ नका, शक्य असेल तर स्वतः खुर्ची घेऊन दुकानात जा आणि खाली शिरून बघा, लाजायचं काही नाही. पायांना जोडणारी आडवी पट्टी पण बघा, ती खाली असेल तर पुढची चाकं अडतात.

जागेची तुम्हाला थोडी सूट आहे, व्हीलचेअरच्या स्पर्धांना ८ मीटर बाय ६ मीटर चालतं. फरशी मात्र गुळगुळीत आणि सपाट हवी, जुन्या घरातली उंचसखल कोबा नको. अडखळलात तर लिहा, पुढच्या वेळी मोठं उत्तर देईन, तुमचा विषय चार ओळींचा नाही.

प्रश्न : निळं की हिरवं? (पणजी)

आवडेल ते. नियम एवढाच की रंग गडद, एकसारखा आणि मॅट. तुमची भिंत निळी असेल तर हिरवं घ्या.

प्रश्न : अंकल, बाबांनी टेबल घेतलंय पण ते म्हणतात चवथीला त्याच्यावर माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या आराशीचं) सामान मांडणार. मी नको म्हटलं तर आजी चिडली. कोण बरोबर? (इयत्ता सातवी, फोंडा)

आजीशी भांडू नको, मोदक मिळणार नाहीत. पण तू बरोबर आहेस. टेबलाला मधोमध वजन सोसत नाही, नारळांची रास, केळीचे घड, भोपळे, सगळं मिळून किती किलो होतं ते बाबांना मोजायला सांग. आणि त्याहून वाईट म्हणजे केळीचा चीक, सुपारीच्या आणि आंब्याच्या डहाळ्यांचं पाणी. चिकाचा डाग रंगावर बसला की जात नाही आणि मग कोणीतरी थिनर नाहीतर रॉकेल आणतं, त्याने डाग जातो, बरोबर रंगही जातो. टेबल पुसायचं ते फक्त ओल्या पिळलेल्या मऊ कपड्याने, फार तर साबणाचा एक थेंब, आणि लगेच कोरडं करायचं.

असं कर, आजीला सांग की तू स्वतः टेबल मिटून मागच्या खोलीत नेऊन ठेवतोस, पण एकट्याने नको, बाबांना दुसऱ्या बाजूने धरायला लाव आणि लॉक लागल्याचा टक आवाज ऐकल्याशिवाय हात सोडू नको. हॉल मोकळा झाला की आजी खूश. नाहीतरी चवथीचे दिवस तू खेळणार थोडाच आहेस, आरत्यांतून वेळ मिळाला तर पत्ते आहेतच.